सटवोजी सरदारांची सात पाने

श्री. जो कोणत्याही पक्षाचा नाही, आणि म्हणोनच ज्याचे नाव प्रत्येक पक्ष आपल्या पत्राच्या माथ्यावर घालितो, त्या जगन्नियंत्यास नमस्कार असो. शक लिहिला होता तो कसरीने खाल्ला, संवत्सर मात्र दुर्मुख हे पक्के. आणि राज्य परक्यांच्या अंमलातून सुटोन स्वतंत्र जाहल्यास एकतिसावे वर्ष लागले होते, ते समयीची ही हकीगत. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की त्या राज्याचे लोक वाचू लागतात, आणि मग लिहिणाराचे दिवस बरे जात नाहीत.

तर त्या राज्याने स्वातंत्र्यासाठी बारा वर्षे झगडा केला, आणि त्या झगड्यात सटवोजी काळोखे हे नाव डोंगरातून निघाले. येथे नावच निघाले ऐसे जपोन लिहितो, त्याचे कारण लवकरच उघड होईल. त्या नावाने परक्यांच्या छावण्या जाळिल्या, घाट अडविले, दाणावैरण तोडली, आणि त्याच नावाने आपल्यापैकीही पुष्कळ माणसे फितूर म्हणोन झाडास टांगिली. आणि मग जय होण्यास तीन महिने राहिले असता ते नाव नाहीसे जाहले. कोणी म्हणत गोळी लागली, कोणी म्हणत हिवतापाने घेतले, कोणी म्हणत आपल्याच माणसांनी घात केला. प्रेत सापडले नाही, आणि प्रेत नसले म्हणजे ज्यास जे पाहिजे ते म्हणता येते, त्याप्रमाणे सर्वांनी म्हटले. मग एकतिसाव्या वर्षी महाराजांचे मनात आले की त्या झगड्याची बखर लिहवावी, आणि ते काम कचेरीतील वृद्ध लेखक तिमाजीपंत यांजकडे आले. तिमाजीपंतांचे अक्षर ठसठशीत आणि काळीज उंदराचे. त्यांनी नवा बोरू तासला, शाई घोटली, देवाचे नाव घेतले, आणि ‘सटवोजी सरदार डोंगर उतरोन आ’ इतके लिहोन त्यांचा हात जो थांबला तो सव्वा महिना थांबला. कारण पुढील अक्षर ल, आणि त्या ल ला काना द्यावा तर सरदार आला, आणि मात्रा द्यावी तर सरदार आले. आला म्हणजे कोणी एक डोंगरी लुटारू आला. आले म्हणजे राज्याचे त्राते आले. साऱ्या दरबाराचा तंटा त्या एका अक्षरावर येऊन बसला, आणि लोक एकमेकांस कानेवाले व मात्रेवाले म्हणू लागले, आणि सोयरिकीसुद्धा त्यावरून मोडू लागल्या.

थोरले प्रधान मात्रेवाले. ते कचेरीत येऊन पंतांच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘पंत, मात्रा द्या. आमचे तीर्थरूप त्यांच्या घोड्यास खरारा करीत होते.’’ तोच धाकटे प्रधान दुसऱ्या अंगाने आले आणि म्हणाले, ‘‘काना द्या. आमच्या काकाला त्याने चिंचेला टांगला.’’ थोरले म्हणाले, ‘‘तुमचे काका फितूर होते.’’ धाकटे टाळी देऊन म्हणाले, ‘‘होते म्हणालात! ऐका हो पंत, आमच्या काकांना ह्यांनी मात्रा दिली!’’ थोरले म्हणाले, ‘‘ती तुमच्या तोंडाकडे पाहून दिली.’’ आणि मग दोघांनीही पंतांस वेगवेगळे बाजूस घेऊन सांगितले की आमच्या मनाजोगे न जाहले तर उजव्या हाताचा अंगठा राहणार नाही. दोघांस पाहिजे होता तो अंगठा एकच. तेव्हां पंतांनी भयाने एक युक्ती केली की ती जागा तैसीच सोडोन पुढे क्रियापदच लिहावयाचे नाही. ‘सटवोजी सरदार डोंगरात. परके पायथ्याशी. मोठा गलबला. मग परके गलबतात.’ ऐसे कागदाचे चाळीस बंद लिहिले, आणि वाचणारांस वाटले की पंतांस अर्धांगाचा झटका आला.

ते समयी आडदरे गावाहून ठकूबाई म्हणोन एक म्हातारी तीन दिवस पायी चालत कचेरीत आली. आडदरे हे सटवोजींचे जन्मगाव, आणि ठकूबाईचा नवरा रानू हा बखरीस जोडलेल्या फितुरांच्या यादीत पहिला. त्या राज्यात रिवाज ऐसा की फितुराच्या घराचे पुढले दार दगडमातीने चिणावे, आणि घरच्यांनी मागल्या दाराने, उकिरड्याकडून, यावे जावे, आणि कोणी मेल्यास तेही तिकडूनच काढावे. ठकूबाई पंतांसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘‘पंत, माझी सासू उकिरड्यावरनं गेली. माझी लेक उकिरड्यावरनं सासरी गेली, वाजंत्री न्हाई, काय न्हाई. आता मी ऱ्हायले. माझ्या छातीत पाणी झालंय, वैद म्हणतो थंडी काढत न्हाईस. मला पुढल्या दारानं जायचंय.’’ पंत म्हणाले, ‘‘बाई, यादी हुजुरातून आली. त्यात माझे काय?’’ ती म्हणाली, ‘‘तुमचंच समदं. गावात म्हणत्यात, तुमी मात्रा दिली की त्यानं मारलेले समदे फितूर, आन् काना दिला की समदे निर्दोष. मग द्या की काना. शाई तर तेवढीच लागती.’’ पंत म्हणाले, ‘‘आणि तुमचे यजमान खरोखर फितूर असले तर?’’ तेव्हां ती म्हणाली, ‘‘त्येच तर मला ठावं न्हाई. ह्यांनी मला कधी खोटं सांगितलं न्हाई, पर त्या फितुरीच्या रातीचं मी इचारायच्या आत ह्यांना मारलं. असतील फितूर, तर तसं सांगा, मी आपली मागल्या दारानं जाईन. पर कुणीतरी ठावं असल्याला सांगा. निस्त्या कान्या-मात्रेवर नगं.’’ पंतांनी आयुष्यात प्रथमच बोरू खाली ठेविला, आणि तिचा अर्ज घेऊन हुजूर गेले.

महाराज दरबारात डुलकी घेत असत. दोन्ही प्रधान भांडू लागले आणि आवाज फार चढला तेव्हां महाराज अर्धवट जागे जाहले आणि बोलिले, ‘‘त्या सरदारांसच विचारा ना,’’ आणि पुन्हा निजले. ही आज्ञा थट्टेची की खरी हे विचारण्यास महाराजांस उठवावे लागते, आणि तैसी छाती कोणाची नाही; म्हणोन खरीच ऐसे ठरले. मग कोणी सांगितले की आडदऱ्यात दर सर्वपित्रीस सटवोजीच्या नावाने मारुतीच्या देवळापुढे एक पान वाढतात, आणि पाटील ओरडतो, ‘‘सटव्या, ये रे जेवायला,’’ आणि कावळा येतो, आणि लोक घरी जातात. तेव्हां थोरल्या प्रधानांनी पाटलास पत्र लिहविले की यंदा प्रधानमंडळी जातीने येत आहे, सटव्या वगैरे बोलू नये, ‘सरदार जेवावयास येतील, तजवीज करावी.’ धाकट्या प्रधानांनी ‘येतील’ यावर हरकत घेतली, परंतु पत्र गेले होते.

गोंदाजी पाटील यांनी ते पत्र तीन वेळा वाचवोन घेतले आणि घाम पुसला. तिमाजीपंत दोन दिवस आधी पोहोचले, तो देवळापुढे सात पाट मांडिलेले आणि सात पाने. पंत म्हणाले, ‘‘पाटील, हे काय? सरदार एकच की!’’ पाटील म्हणाले, ‘‘पंत, एक असता तर ‘येईल’ लिहिलं असतं. मागं हुजुरातनं पत्र आलं, ‘स्वार येतील.’ मी म्हटलं, कुणी मानाचे एक स्वार असतील. एक कोंबडं कापलं. चाळीस आले! पाठीवरचे वळ दाखवू का?’’ पंत म्हणाले, ‘‘नको. परंतु सातच का?’’ पाटील म्हणाले, ‘‘देवळात पाट सातच हाईत. आठवे आले तर माझ्या घोंगडीवर बसतील.’’ पंतांनी त्यास आदरार्थी बहुवचन समजावोन सांगितले, आणि पाटील मान डोलवीत राहिले, आणि पाने सातच राहिली.

मग सर्वपित्रीची दुपार जाहली. ऊन ऐसे की मारुतीचा शेंदूर वितळोन पायाशी आला. दोन्ही प्रधान आपापल्या पालखीतून उतरोन समोरासमोर बसले, भात वाढला, वडे वाढिले, आणि पाटलांनी ठरल्याप्रमाणे हात जोडोन म्हटले, ‘‘सरदार, जेवायला यावे.’’ तोच पिंपळावरचे कावळे, जे सकाळपासून कलकलत होते, ते सर्व एकदम मुके जाहले आणि डोंगराच्या वाटेकडे माना करोन बसले. त्या वाटेने एक आले. त्यांचे मागे दुसरे आले, तिसरे आले, आणि याप्रमाणे सात आले. धूळ उडाली नाही, पायांखाली सावली पडली नाही. सातांचा चेहरा एक, सातांच्या डाव्या भिवईवर तलवारीचा एकच वण. परंतु एक मांड टाकल्यासारखे फेंगडे चालत होते आणि खाली घोडा नव्हता. एकाचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि त्या उन्हातही सुकत नव्हते. एक सारखे एकाच बाजूने तोंड दाखवीत होते, जैसे समोर कोणी चितारी बसला असावा. एकाच्या डोळ्यांत जळते छप्पर दिसत होते, आणि जवळून पाहणारास त्यातली माणसेही दिसली. एक आपल्याच जयाची ललकारी हलक्या आवाजात देत होते. एक नुसतेच हसत होते. आणि सातवे चिखलाच्या पायांचे, पाऊस नसता चिंब भिजलेले. सातही पाटांवर बसले आणि जेवू लागले. घास उचलीत, चावल्याचा आवाज येई, आणि पानावरचा भात मात्र तसूभर कमी होईना. पाटील पंतांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, ‘‘बघा. एकच पान मांडलं असतं म्हणजे आज?’’

थोरले प्रधान जाणते मुत्सद्दी. त्यांनी पागोटे सावरले आणि विचारिले, ‘‘सरदार, आपण ह्या राज्यासाठी लढलात, हे खरे ना?’’ सातांनी एका सुरात म्हटले, ‘‘लढलो.’’ थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिले. मग धाकट्यांनी विचारिले, ‘‘आणि आपल्याच लोकांची गावे जाळली, माणसे टांगली, हे खरे ना?’’ सातांनी त्याच सुरात म्हटले, ‘‘जाळली. टांगली.’’ धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिले. दोघांसही आपणच जिंकलो ऐसे वाटले, आणि दोघांच्याही हातापायांस एकदम गार वाटू लागले, कारण त्या आवाजात सुख नव्हते आणि दुःखही नव्हते. रिकाम्या रांजणात कोणी बोलावे तैसा तो आवाज.

तेव्हां देवळाच्या मागच्या अंगाने ठकूबाई आली, कारण समोरून येण्याचा तिला हक्क नव्हता. ती पहिल्या पानापुढे उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘माझ्या माणसाला कुणी मारलं?’’ पहिल्यांनी दुसऱ्यांकडे बोट केले आणि म्हटले, ‘‘त्यांनी.’’ ती दुसऱ्यांकडे गेली. दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडे दाखविले. ‘‘त्यांनी.’’ याप्रमाणे ती कमरेवर हात ठेवोन सहा पाने फिरली, आणि सहाव्यांनी सातव्यांकडे दाखविले, आणि सातव्यांनी पानातला भात चिवडीत पुन्हा पहिल्यांकडे दाखविले. कोणाच्याही तोंडात ‘मी’ नव्हता. ठकूबाई दम लागोन खांबास टेकली आणि म्हणाली, ‘‘आरं, ही काय पंगत हाय का कोर्टकचेरी? धा माणसांत इचारलं तर धाजण शेजाऱ्याला दावत्यात!’’ थोरले प्रधान म्हणाले, ‘‘बाई, जपून. सरदारांशी आदराने बोला.’’ त्यावर म्हातारी त्यांचेकडे वळली. ‘‘आदरानंच सात झाले न्हवं हे? तुमी मान दिला आन् त्याच्यातला करणारा हरपला. मान मलाबी देता येतो, परधान. जल्मभर मी माझ्या माणसाला ‘हे’ म्हणत आले, कधी नाव घेतलं न्हाई. पर ते एकच व्हते. एकच व्हते आन् एकदाच मेले.’’ आणि मग ती सातव्या पानापुढे वाकली, आणि एकतीस वर्षे गावात जी हाक पाटील मारीत होता, त्याहून हळू, घरातल्या माणसास मारावी तैसी हाक तिने मारिली. ‘‘सटव्या. तू. वर बघ.’’

सहांना ती हाक ऐकू गेली नाही. ते जेवीत राहिले. चिखलाच्या पायांच्या त्या एकाने मात्र मान वर केली, आणि त्याच्या केसांतून पानावर पाणी ठिबकू लागले, आणि तो म्हणाला, ‘‘वहिनी, थकलीस गं.’’ ठकूबाई म्हणाली, ‘‘माझं ऱ्हाऊ दे. हे फितूर व्हते का?’’ तो म्हणाला, ‘‘मला ठावं न्हवतं.’’ ती म्हणाली, ‘‘म्हंजे?’’ तो म्हणाला, ‘‘पाऊस लागला व्हता. खिंडीची वाट कुणीतरी परक्यांना सांगितली, आमची नऊ माणसं गेली. तिघांवर वहीम व्हता. तिघांतला एक मारला की उरलेले गप ऱ्हातील, आन् पोरंबी पांगायची न्हाईत, असं मनात आलं. उजाडायच्या आत ठरवायचं व्हतं.’’ ती म्हणाली, ‘‘मग हेच का?’’ त्याने पानावर ठिबकलेले पाणी बोटाने निपटले. मग म्हणाला, ‘‘रानू सगळ्यात जवळ बसला व्हता. माझ्या घोंगडीतच. बाकीचे दोघं लांब व्हते, अंधारात कुठं धुंडायचे?’’ आणि मग कोणी विचारिले नसता म्हणाला, ‘‘त्यानं हात धरला न्हाई. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.’’

तिमाजीपंत सांगत की त्या क्षणी आता म्हातारी छाती पिटील, किंवा शाप देईल, किंवा मातीत पडेल, ऐसे वाटले. ठकूबाईने यातले काहीएक केले नाही. तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, ‘‘जेवलास?’’ तो म्हणाला, ‘‘जेवलो.’’ ती म्हणाली, ‘‘मग ऊठ. माझ्या दारातले दगड काढ.’’ तो म्हणाला, ‘‘वहिनी, मी मेलेला माणूस.’’ ती म्हणाली, ‘‘मारताना जित्ता व्हतास न्हवं? ऊठ.’’

आणि तो उठला. म्हातारी पुढे आणि तो मागे, ऐसे दोघे गावातून भर उन्हात चालत गेले, आणि ज्या वाटेवरून तो गेला ती वाट ओली होत गेली. पंत लांबून मागे गेले, त्यांचे पाय त्यांस न विचारता गेले. त्या घरापुढे त्याने वाकोन दगड काढण्यास आरंभ केला. एकतीस वर्षांची माती, तिच्यात पिंपळाचे रोप मुळे धरोन बसलेले; तो ते हाताने उपटी, दगड उचली, बाजूस रची. दगडास दगड लागला तरी आवाज होईना. त्याचे धापा टाकणे तेवढे ऐकू येई. ठकूबाई समोर बसोन ‘‘तो कोपऱ्यातला ऱ्हायला,’’ ‘‘चौकटीला धक्का लावू नगंस,’’ ऐसे सांगत होती, जैसे गवंड्यास सांगतात. इकडे देवळापुढे सहा सरदार आचवोन उठले, आणि तीन थोरल्या प्रधानांच्या पालखीमागे आणि तीन धाकट्यांच्या पालखीमागे, न सांगता, चालू लागले. दोन्ही प्रधानांनी मागे वळोन पाहिले नाही, परंतु भोयी सांगत की पालख्या त्या दिवशी परत जाताना जड लागत होत्या. त्या गडबडीत पंतांच्या अंगठ्याचे दोघेही विसरले.

उन्हे उतरता शेवटला दगड निघाला. दाराच्या चौकटीतून आतले घर दिसू लागले, चूल, उतरंड, दोरीवर एक लुगडे. ठकूबाई मागल्या दाराने आत गेली आणि पुढल्या दाराने बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली, आणि तिच्याने पुढे चालवेना म्हणोन तिथेच बसोन राहिली. तो समोर हात मातीचे घेऊन उभा होता. ‘‘वहिनी, जाऊ?’’ ती म्हणाली, ‘‘जा.’’ तो म्हणाला, ‘‘पुढल्या सर्वपित्रीला...’’ ती म्हणाली, ‘‘न्हाई. आता येऊ नगंस.’’ तो दोन पावले गेला असेल तो वाटेवर नुसती ओल राहिली, आणि पिंपळावर कावळे एकदम ओरडू लागले. गोंदाजी पाटलांनी गल्लीच्या तोंडाशी उभे राहोन, पुढे येण्याचा धीर न करिता, विचारिले, ‘‘ठकूआजी, सरदार गेले का?’’ ठकूबाई म्हणाली, ‘‘गेला.’’ तिमाजीपंतांनी तेथेच भिंतीस टेकोन बोरू काढिला, यादीतले पहिले नाव खोडिले, आणि बखरीत सव्वा महिन्यापासून अडलेल्या जागेपुढे इतकेच लिहिले की, सरदाराचे म्हणणे, मला ठाऊक नव्हते. ठकूबाई मार्गशीर्षात वारली आणि पुढल्या दाराने गेली. रानूच्या खालची यादीतली सदतीस नावे तैसीच राहिली, त्यांची दारे चिणलेली आहेत, कारण त्या घरांत हाक मारणारे कोणी उरले नव्हते.

राजधानीतली गोष्ट निराळी. तेथे तीन सरदार मात्रेवाल्यांचे आणि तीन कानेवाल्यांचे, रोज दरबारात बसतात, जेवतात, विचारिले की ‘‘लढलो’’ म्हणतात, विचारिले की ‘‘जाळली’’ म्हणतात. दर साल त्यांच्या नावाने उत्सव होतो आणि दर उत्सवास एक वाढतो, आणि मागे बसावयास जागा नाही म्हणोन खरी माणसे उभी राहतात. चावण्याच्या आवाजाने महाराजांस डुलकी लागेनाशी जाहली आहे, आणि अलीकडे ते जागेपणी ज्या आज्ञा करितात त्या पाहोन लोकांस जुनी डुलकी बरी वाटते. सारांश, आडदऱ्यात एक आला तो गेला, आणि राजधानीत आज सरदार अकरा आहेत. येणेप्रमाणे जे ऐकिले ते लिहिले. कोणास काना-मात्रा चुकली ऐसे वाटल्यास त्याने प्रथम आपल्या घराचे पुढले दार उघडे आहे ना ते पाहावे, आणि मग लिहिणारास बोल लावावा.